व्याख्या खोटी, खापर मराठीवर

एक मत महाराष्ट्रात इतकं मुरलं आहे की ते तपासून पाहावं असंही कुणाला वाटत नाही. मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजीतली काउंटेबल आणि अनकाउंटेबल नामं जमत नाहीत, कारण मराठीत असला भेदच नाही, असं ते मत. स्पोकन इंग्लिशचे क्लास चालवणारे हे सांगतात. नोकरीच्या मुलाखती घेणारे सांगतात. पालक सभेत एकमेकांना सांगतात. आणि ज्यांनी हे खोडून काढायला हवं ते आम्ही इंग्रजीचे शिक्षकही मधल्या सुट्टीत हेच बोलत बसतो.

त्यांचं म्हणणं त्यांच्याच भाषेत मांडतो, म्हणजे मी ते वाकवलं असं कुणी म्हणायला नको. नियम अगदी सोपा आहे: जे मोजता येतं ते काउंटेबल, जे मोजता येत नाही ते अनकाउंटेबल. एवढा सोपा नियम असूनही पोरं ‘फर्निचर्स’ लिहितात, ‘इन्फर्मेशन्स’ लिहितात, ‘मेनी वर्क्स’ म्हणतात. नियम सोपा, तरी मुलगा चुकतो, तेव्हा दोष मुलाचा. मुलगा हुशार असला, तर दोष त्याच्या घरातल्या भाषेचा. म्हणून इंग्रजीच्या तासाला मराठीचा एक शब्दही नको, अनकाउंटेबल नामांची यादी तोंडपाठ करून घ्या, आणि मुलाला मराठीत विचार करण्याची खोड आहे ती मोडून काढा.

यातलं एकही वाक्य खरं नाही. नियम सोपा नाही, कारण तो नियमच नाही. मराठीत भेद नाही हे धडधडीत चूक आहे. यादी पाठ करून हा विषय येत नाही. आणि मराठी बाहेर ठेवून शिकवणं म्हणजे मुलाच्या हातात असलेलं एकमेव हत्यार काढून घेणं.

सुरुवात त्या व्याख्येपासूनच करू. मोजता येतं ते काउंटेबल. मग पैसा? बँकेतला कॅशिअर सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय मोजत असतो? जगात माणसाने सगळ्यात काळजीपूर्वक मोजलेली वस्तू कुठली असेल तर ती पैसा. इंग्रजीत मनी अनकाउंटेबल आहे. आता आकाशातले तारे घ्या. ते आजवर कुणाला मोजता आले? इंग्रजीत स्टार्स काउंटेबल आहेत. व्याख्या दोन्ही बाजूंनी पडली. जे मोजतो ते अनकाउंटेबल निघालं, जे मोजता येत नाही ते काउंटेबल.

मुलं ही शंका विचारतात. हेअर अनकाउंटेबल कसं, असं कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: डोक्यावर इतके केस असतात की कोण मोजणार? मग मुंग्या मोजायला कोण बसलं आहे? ॲन्ट्स तर काउंटेबल आहेत. दुसरं ठरलेलं उत्तर म्हणजे जे किलोवर किंवा लिटरवर घेतो ते अनकाउंटेबल. बटाटे आपण किलोवरच घेतो, आणि पोटॅटोज काउंटेबल आहेत. धान्यांकडे पाहिलं तर हे उत्तर आणखीच लटपटतं. इंग्रजीत व्हीट म्हणजे गहू अनकाउंटेबल, आणि ओट्स मात्र अनेकवचनी. राइस अनकाउंटेबल, पण बीन्स आणि लेंटिल्स काउंटेबल. मसुरीचा दाणा तांदळाच्या दाण्यापेक्षा मोजायला कितीसा सोपा असतो? दाण्याच्या आकाराने, संख्येने किंवा वजनाने यातलं काही ठरत नाही.

मागे एका शाळेत सहावीच्या वर्गात मागच्या बाकावर बसून मी तास पाहत होतो. वर्गाचं वर्णन इंग्रजीत लिहायचं होतं. माझ्या शेजारच्या मुलीने लिहिण्याआधी मान उंचावून पुढून मागे बोट फिरवत बाक मोजले, मग टेबल, खुर्ची आणि कपाट मोजलं, आणि वहीत लिहिलं: देअर आर मेनी फर्निचर्स इन अवर क्लास. बाईंनी लाल काट मारली. मुलगी म्हणाली, ‘‘बाई, पण मी मोजले. बत्तीस बाक आहेत.’’ बाई म्हणाल्या, ‘‘बाक वेगळे आणि फर्निचर वेगळं. फर्निचर मोजता येत नाही. पाठ कर.’’ मुलगी गप्प बसली आणि पुन्हा त्या बाकांकडे पाहू लागली.

त्या मुलीची चूक काय होती? तिला जी व्याख्या शिकवली होती ती तिने काटेकोरपणे वापरली. वस्तू समोर होत्या, मोजता येत होत्या, तिने मोजल्या. त्या तासाला वर्गात तिच्याइतकं तर्कशुद्ध कुणी वागलं नाही, आणि शिक्षा तिलाच झाली. बाईंनाही मी दोष देत नाही. त्यांना त्यांच्या बाईंनी हेच सांगितलं होतं आणि गाईडमध्येही हेच छापलेलं आहे. दोष त्या वाक्याचा आहे, आणि ते पिढ्यान् पिढ्या फळ्यावर लिहिलं जातं आहे.

फर्निचर मोजता येत नाही ही समजूत किती पोकळ आहे हे प्रयोगाने दाखवून झालं आहे. डेव्हिड बार्नर आणि जेसी स्नेडेकर या संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलांना आणि मोठ्यांना विचारलं होतं की दोघांपैकी कुणाकडे जास्त आहे. एकाकडे मोठ्या पण थोड्या वस्तू, दुसऱ्याकडे लहान पण पुष्कळ. टूथपेस्टसारख्या पदार्थाबाबत लोकांनी एकूण माल किती ते पाहिलं. फर्निचरसारख्या शब्दाबाबत मात्र त्यांनी नग मोजले, आणि ज्याच्याकडे नग जास्त त्याच्याकडे फर्निचर जास्त असं उत्तर दिलं. म्हणजे इंग्रज माणूसही फर्निचर मनात मोजतोच. त्याची भाषा त्या शब्दाला अनेकवचनाचा ‘एस’ लागू देत नाही, एवढंच. मोजणं डोळ्यांचं काम आहे, आणि काउंटेबल असणं ही त्या भाषेतल्या शब्दाची चाल आहे. हे दोन वेगळे विषय आहेत, आणि आपल्या वर्गात ते एकमेकांत कालवून मुलांपुढे ठेवले जातात.

आता दुसरा आरोप, की मराठीत हा भेदच नाही. ज्याने हे पहिल्यांदा म्हटलं त्याने मराठी घरातल्या स्वयंपाकघरात कधी कान उघडे ठेवले नसावेत. तीळ भाजले, पण मोहरी तडतडली. धने कुटले, पण खसखस वाटली. पोहे भिजवले, पण साबुदाणा भिजवला. शेंगदाणे संपले, साखर संपली. तिळाचा दाणा आणि मोहरीचा दाणा शेजारी ठेवले तर आकारात किती फरक आहे? तरीही एक शब्द अनेकवचनी चालतो आणि दुसरा एकवचनी. ओट्स आणि व्हीटमध्ये इंग्रजी जे करते तेच मराठी तीळ आणि मोहरीमध्ये करते. तांदळाचं तर पाहण्यासारखं आहे. तांदूळ धुतले, तांदूळ निवडले, अनेकवचन. तेच शिजले की भात झाला, एकवचन. आणि शेतातल्या पिकाबद्दल बोलताना पुन्हा कोकणात तांदूळ पिकतो, एकवचन. हरभरा पेरला, पण हरभरे भिजवले. इंग्रजी राइस या एकाच शब्दावर सगळं भागवते, तिथे मराठीत तीन वळणं आहेत. चार वर्षांचं पोरही यात चुकत नाही. ‘पोहे सांडला’ असं कुठलं मराठी मूल म्हणतं?

भाजीवाल्याकडे उभं राहा. दोन कांदे, आल्याचा एक तुकडा, लसणाच्या चार पाकळ्या, कोथिंबिरीची एक जुडी. इंग्रजी पाककृतीत हीच यादी अशीच येते: कांद्याला सरळ आकडा लागतो, आल्याला पीस, लसणाला क्लोव्ह, कोथिंबिरीला बंच. चारही वस्तूंबाबत दोन्ही भाषा एकाच वाटेने चालतात. ‘दोन लसूण द्या’ असं आपण म्हणत नाही, कारण मराठीत लसूण हा शब्द तसा सुटा मोजला जात नाही. हाच तर अनकाउंटेबल शब्दाचा स्वभाव. पुढे साबणाची वडी, गुळाची ढेप, पावाची लादी, कागदाचा ताव, कापडाचा तागा. माणसांना तर मराठी वेगळं मापच देते: पाच जण आले, चार जणी बसल्या. ज्या भाषेत सुट्या न मोजल्या जाणाऱ्या वस्तूंसाठी मापांचं एवढं भांडार आहे, त्या भाषेच्या मुलाला ‘अ पीस ऑफ’ आणि ‘अ लोफ ऑफ’ समजणार नाही, असं मानायचं?

आमच्या शालेय मराठी व्याकरणात पदार्थवाचक नाम आणि समूहवाचक नाम हे प्रकार आहेत. सोनं, कापड, दूध, साखर ही उदाहरणं स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत सापडतात. तरी इंग्रजीच्या तासाला कुणी म्हणत नाही की बाळांनो, तुम्ही मराठीत पदार्थवाचक नाम शिकलात ना, हे त्याचंच भावंड आहे. मराठीचा तास आणि इंग्रजीचा तास एकाच फळ्यावर होतात, मधे फक्त घंटा वाजते, आणि तरी एका तासातलं दुसऱ्या तासात यायला बंदी.

आता ज्या शब्दांवरून मुलांची सगळ्यात जास्त टर उडवली जाते ते घेऊ: इन्फर्मेशन, फर्निचर, लगेज, ट्रॅफिक, नॉलेज. मराठीत माहिती, फर्निचर, सामान, रहदारी, ज्ञान. ‘मला तीन माहित्या मिळाल्या’ असं कोण म्हणतं? ‘घरात चार फर्निचर आहेत’ असं कोण म्हणतं? सामान फार असलं तर आपण सामानाचे नग मोजतो, जुनी माणसं डाग मोजत. ‘नग’ म्हणजे इंग्रजीतला पीसच. ‘अनेक’ आणि ‘प्रत्येक’ हे दोन शब्द लावून पाहा. अनेक माणसं, अनेक झाडं, प्रत्येक मुलगी. अनेक दूध? प्रत्येक माहिती? जीभच अडखळते. म्हणजे हे पाचही शब्द मराठीतही अनकाउंटेबलच आहेत. मूल मराठीत विचार करून इंग्रजी लिहीत असतं, तर त्याने ‘इन्फर्मेशन्स’ कधीच लिहिलं नसतं.

मग हा ‘एस’ येतो कुठून? शाळेच्या व्याख्येतून येतो, कारण ती मुलाला वस्तूकडे बघायला लावते, आणि वस्तू तर मोजता येतात. आणि रस्त्यावरच्या पाट्यांतूनही येतो. ट्रेडर्स, टेलर्स, इलेक्ट्रिकल्स यांच्या रांगेत ‘फर्निचर्स’ आणि ‘इक्विपमेंट्स’ रंगवलेलं असतं आणि मूल ते रोज वाचतं. ही चूक मराठीने लावलेली नाही. मराठीने वाचवलं असतं, पण तिला वर्गाबाहेर उभं केलं.

काही शब्दांवर दोन्ही भाषांच्या वाटा वेगळ्या होतात, ते मान्य आहे. केस मराठीत अनेकवचनी आहेत, हेअर एकवचनी. पैसे आणि मनी तसंच. सल्ला-सल्ले, पुरावा-पुरावे, बातमी-बातम्या, दागिना-दागिने, काम-कामं ही आपण बिनदिक्कत मोजतो. ॲडव्हाइस, एव्हिडन्स, न्यूज, ज्युवेलरी, वर्क यांना इंग्रजी आकडा लावू देत नाही. ‘मला आज पुष्कळ कामं आहेत’ या वाक्यातूनच ‘आय हॅव मेनी वर्क्स’ निघतं, हे खरं. आणखी एक गोष्ट मराठीत नाही: हाऊ मच आणि हाऊ मेनी या दोघांना आपल्याकडे एकच ‘किती’ आहे. तिथे मुलाला मुद्दाम थांबवून शिकवावं लागतं. पण तिथेही क्रियापद मदतीला असतं. ‘किती पाणी आहे’ आणि ‘किती माणसं आहेत’ यातला ‘आहे’ आणि ‘आहेत’ मुलाला बहुतेक वेळा योग्य दाराशी आणून सोडतो. उरले ते केस, पैसे, तांदूळ आणि वरचे पाच-सात शब्द.

एवढीच ती अडचण. रोजच्या वापरातले वीस-पंचवीस शब्द फार तर. ते कोणते हे कळायला दोन्ही भाषा शेजारी ठेवून पाहाव्या लागतात. ज्या वर्गात मराठी बोलायला बंदी आहे त्या वर्गात हे शब्द वेगळे काढणार कसे? मग सगळ्याच नामांची एकच लांबलचक यादी हाती पडते, तिच्यात वॉटर आणि मिल्कही असतात, जे मुलाला जन्मापासून येतात, आणि त्याच गर्दीत ॲडव्हाइस हरवतो, जिथे खरा फसण्याचा धोका आहे. कष्ट नको तिथे जातात आणि हवे तिथे पोचत नाहीत.

आणि असे शब्द चुकणारे आपण एकटे आहोत का? फ्रेंचमध्ये माहिती, फर्निचर, सल्ला आणि केस हे चारही शब्द अनेकवचनात सर्रास चालतात. इटालियनमध्येही तसंच. पॅरिसच्या विद्यार्थ्याने इंग्रजीत ‘इन्फर्मेशन्स’ म्हटलं तर त्याच्या भाषेत तर्काचा अभाव आहे असं कुणी म्हणत नाही. त्याचे शिक्षक म्हणतात की इथे आपला शब्द वेगळा चालतो, लक्षात ठेव, आणि पुढे जातात. परभणीच्या मुलाने तेच म्हटलं की त्याच्या आईबापांच्या भाषेची लायकी काढायची? ही मोजपट्टी आपण फक्त स्वतःलाच का लावतो?

शिवाय इंग्रजी स्वतः या बाबतीत कुठे स्थिर आहे? शेक्सपिअरच्या नाटकांत न्यूज हा शब्द एकवचनीही येतो आणि अनेकवचनीही. वाटाण्याला पूर्वी पीज हा एकवचनी, धान्यासारखा वापरला जाणारा शब्द होता. त्याच्या शेवटच्या ध्वनीमुळे लोकांना तो अनेकवचन वाटू लागला आणि सतराव्या शतकात त्यातून पी हे नवं एकवचन निघालं. ज्या चुकीसाठी आपण मुलांच्या वह्या लाल करतो, तशाच एका चुकीतून आजचा शुद्ध इंग्रजी शब्द जन्मला आहे. मेल म्हणजे टपाल अनकाउंटेबल होतं आणि आहे, पण ईमेल आला आणि बघता बघता अ ईमेल, टू ईमेल्स झालं. इन्फर्मेशन हा शब्द इंग्लंडच्या कायद्यात मॅजिस्ट्रेटपुढे दाखल करायच्या फिर्यादीच्या अर्थाने येतो तेव्हा त्याला ‘एस’ लागतो आणि तिथे तो अचूक असतो. काउंटेबल नामाला फ्यूअर आणि अनकाउंटेबलला लेस, हा जो नियम परीक्षेत विचारतात, तो रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकाने १७७० साली आपली आवड म्हणून सुचवला होता. पुढे तो कायदा होऊन बसला. इंग्लंडमधली माणसं आजही बोलताना तो पाळतातच असं नाही. टेस्को या तिथल्या मोठ्या दुकानसाखळीने २००८ साली ‘टेन आयटम्स ऑर लेस’ ही आपल्या गल्ल्याजवळची पाटी या वादामुळे बदलून टाकली. ज्या नियमावर त्या भाषेच्या माहेरीच अडीचशे वर्षं वाद चालू आहे, तो पहिलीतल्या पोरालाही कळेल असं म्हणणाऱ्याला त्या भाषेविषयी काय माहीत आहे?

‘काउंटेबल’ आणि ‘मास-वर्ड’ ही मांडणी ज्याने १९२४ सालच्या ‘द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर’ या ग्रंथात केली तो ऑटो येस्पर्सन डॅनिश होता, कोपनहेगनच्या विद्यापीठात शिकवत होता. इंग्रजी त्याची मातृभाषा नव्हती. दुसऱ्या भाषेच्या काठावरून पाहणाऱ्याला हा भेद घरच्या माणसापेक्षा स्वच्छ दिसतो. आपल्या मुलांना तो काठ जन्मतःच मिळालेला आहे आणि आपण त्यांना तिथून ढकलून देतो.

राहिली यादी. यादीत ‘हेअर – अनकाउंटेबल’ असं छापलेलं असतं. मुलगा लिहितो की आजोबांच्या मिशीत दोन-चार पांढरे केस आहेत: अ फ्यू ग्रे हेअर्स. बरोबर लिहितो. तरी काट बसते, कारण यादीत हेअरला ‘एस’ नाही. चहात केस पडला तर इंग्रज माणूसही ‘अ हेअर’ म्हणतो. पेपर म्हणजे कागद अनकाउंटेबल, अ पेपर म्हणजे वर्तमानपत्र किंवा निबंध. ग्लास म्हणजे काच, अ ग्लास म्हणजे पेला. कॉफी अनकाउंटेबल, पण हॉटेलात टू कॉफीज. शब्दावर शिक्का कायमचा नसतो, वाक्यागणिक बदलतो, आणि हे यादीला सांगता येत नाही. मराठी मुलाला सांगता येतं. टपरीवर दोन चहा सांगितलेले त्याने ऐकलेले असतात. गव्हाला तीन पाणी दिलं, चौथं द्यायचं राहिलं, असं त्याचे वडील म्हणत असतात. पाणी मोजता येत नाही असं त्या शेतकऱ्याला सांगून पाहा. पाटाचं पाणी वाहतं तेव्हा त्याच्या भाषेत ते एकसलग असतं, पिकाला दिलं की ते पहिलं, दुसरं, तिसरं होतं. टू कॉफीजचं रहस्य याहून वेगळं नाही. मुलाला फक्त कुणीतरी त्याच्याच घरातलं वाक्य दाखवायला हवं.

आणखी एक बाजू अलीकडे ऐकू येते. ती म्हणते, कशाला हवा हा काथ्याकूट? अर्थ कळला की झालं, ‘फर्निचर्स’ म्हटल्याने काय बिघडतं? मला या मताचा पहिल्याइतकाच राग येतो. बाजारात खरोखर काही बिघडत नाही. पण अर्जात बिघडतं, मुलाखतीत बिघडतं, विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकेत बिघडतं. तिथे या एका ‘एस’वरून माणूस कोणत्या शाळेतून आला ते ओळखलं जातं आणि पुढचं ऐकायच्या आधी कान बंद होतात. ‘चालतं’ म्हणणाऱ्यांच्या घरी इंग्रजी बहुधा आधीच पोचलेलं असतं. त्यांना नियम सोडून देणं परवडतं. ज्याच्या घरात ते पहिल्यांदा येतं आहे, त्याला आधी पूर्ण आणि खरा नियम मिळाला पाहिजे. तो मोडायचा की नाही ते त्याचं तो ठरवेल. गरिबाच्या मुलाला अर्धवट शिकवून वर उदारपणाचं नाव देणं ही त्याची फसवणूक आहे.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुलं आज स्वतःच्या मुलांना शाळेत सोडायला येतात. एवढा काळ गेला, आणि अजून आपण फळ्यावर तेच खोटं वाक्य लिहितो. याआधीच्या कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर इंग्रजी शिकल्या. त्या पाठमालांचे दोष काढता येतील, पण मराठी वाक्य आणि इंग्रजी वाक्य समोरासमोर उभं करायची लाज त्यांना वाटत नव्हती. ती लाज आपण नंतर शिकलो, आणि इंग्रजी सुधारण्याची गुरुकिल्ली म्हणून मिरवू लागलो.

तर ती व्याख्या फळ्यावरून पुसा, गाईडमधून काढा, शिक्षकांच्या प्रशिक्षणातून काढा. मुलांना वस्तूकडे बघून मोजायला सांगू नका. शब्दाकडे बघायला सांगा: याला मराठीत आकडा लागतो का, ‘अनेक’ लागतं का, माप किंवा नग लागतो का? मग तेच इंग्रजी शब्दाला विचारा. फळ्याच्या मधोमध उभी रेघ ओढा. डावीकडे सहावीची पोरं सांगतील तसं लिहा: माहिती, सामान, फर्निचर, लसूण, आलं, दूध, साखर, मोहरी, रहदारी, ज्ञान, कचरा, संगीत, प्रगती. उजवीकडे इंग्रजी शब्द लिहीत चला. खाली वेगळ्या रंगाच्या खडूने केस, पैसे, तांदूळ, काम, सल्ला, पुरावा, बातमी, दागिने लिहा आणि सांगा की इथे सांभाळायचं, इथे दोन भाषांचं पटत नाही. तास संपला की मराठी भाषा आडवी येते म्हणणाऱ्यांना त्या वर्गात बोलवा, आणि त्या मुलांसमोर त्या फळ्यावर बोट ठेवून त्यांनी दाखवावं, वरच्या तेरा शब्दांपैकी कोणत्या शब्दाला मराठी आडवी आली.